पाच खोल्या, एक घण : आवाज सिंक ठेवण्याच्या कामाच्या नोंदी

प्रदर्शनातलं काम असं आहे. एका लोहारशाळेचं चित्रीकरण पाच कॅमेऱ्यांनी एकाच वेळी केलेलं आहे: ऐरण, भट्टी, भाता, पाण्याचा हौद आणि बाहेरचा ओटा. प्रत्येक कोपऱ्याला एक खोली, प्रत्येक खोलीत एक प्रोजेक्टर आणि दोन स्पीकर. चित्रं पाच वेगळी, पण घणाचा घाव पाचही मायक्रोफोनांत आलेला असल्यामुळे तो सगळीकडे ऐकू येतो. २२ मिनिटांचा तुकडा, संपला की पुन्हा पहिल्यापासून. दारांना फळ्या नाहीत, नुसत्या चौकटी. शेजारच्या खोलीतला आवाज येणारच, आणि ताईंना (काम त्यांचं आहे, माझ्याकडे फक्त तांत्रिक बाजू) तो यायलाच हवा आहे. असंच काही कुणी करायला घेतलं असेल तर त्यांच्यासाठी या नोंदी.

३ नोव्हेंबर : मोजमाप

टेप घेऊन प्रत्येक खोलीत स्पीकरपासून दारापर्यंतची अंतरं घेतली. आवाज वीस अंश तापमानाला सेकंदाला ३४३ मीटर जातो. म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर, किंवा एका मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. एवढं पाठ असू द्या.

पहिली खोली: दुसरीच्या दारापर्यंत ४ मीटर, बोळाच्या दारापर्यंत ३.
दुसरी: पहिलीकडे ७, तिसरीकडे ३.
तिसरी: दुसरीकडे ११, चौथीकडे ५.
चौथी: तिसरीकडे ६, पाचवीकडे ४.
पाचवी: चौथीकडे ९, बोळाकडे ६.

खोल्या एका ओळीत आहेत आणि पाचवीतून निघालेला आखूड बोळ परत पहिलीत येतो. नकाशावर हा बोळ अगदी गरीब दिसतो.

साधनं आधीच घेऊन ठेवलेली: पाच छोटे संगणक, प्रत्येकात आपापल्या खोलीची फाइल. चित्र आणि आवाज एकाच एचडीएमआय तारेतून बाहेर, तिथून आवाज वेगळा काढणारी डबी, मग अ‍ॅम्प्लिफायर. पैसे खर्च झालेच आहेत तर याच जुळणीवर आधी काम करायचं ठरलं.

५ नोव्हेंबर : एकदम सुरू करणं

हा भाग सोपा निघाला. वायफाय लगेच बाद केलं. एकाच वेळी सगळ्यांना पाठवलेला संदेश वायफायवर कमी वेगाने जातो, हरवला तर पुन्हा पाठवला जात नाही, आणि समोरचं यंत्र वीज वाचवायला डुलकी घेत असेल तर उशिरा पोहोचतो. पाचही खोल्यांत नेटवर्कची तार ओढली.

‘आता सुरू कर’ असा हुकूम देऊन भागत नाही. फाइल उघडायला प्रत्येक संगणक वेगवेगळा वेळ घेतो. म्हणून आधी सगळ्यांनी फाइल उघडून पहिल्या फ्रेमवर थांबायचं, ‘तयार’ असं कळवायचं, आणि मग त्यांना ‘अमुक वाजून अमुक सेकंदांनी सुरू कर’ असं सांगायचं. पाचही घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून संगणकांची घड्याळं जुळवण्याची पद्धत) एकाच ठिकाणाहून जुळवलेली. तारेच्या नेटवर्कवर ती मिलिसेकंदाच्या आसपास जुळतात. पाचही खोल्या एका फ्रेमच्या आत सुरू झाल्या. लूप लावून रात्रभर चालू ठेवलं.

६ नोव्हेंबर : सकाळ

वायरमन दुसरी आणि तिसरीच्या चौकटीत शिडी लावून दिव्यांचं काम करत होता. म्हणाला, “साहेब, इथं घण एकदा पडतो आणि दोनदा वाजतो.” दोनदा कसला, चौथीजवळ जाऊन ऐकलं तर ऐरणीवर दुसराच कुणी घाव घालतोय असं वाटत होतं. १४ तासांत पहिली आणि चौथी यांच्यात सव्वा सेकंदाचं अंतर पडलं होतं.

नुसत्या कानावर भरवसा नको म्हणून मोजण्याची पद्धत ठरवली. एक चाचणी फाइल: दर दहा सेकंदांनी एका फ्रेमपुरता पांढरा पडदा आणि त्याच फ्रेममध्ये १ किलोहर्ट्झचा ‘टुक’. दोन मायक्रोफोन लांब तारांवर, दोन खोल्यांत स्पीकरच्या अगदी तोंडाशी, आणि दोन्ही एकाच स्टीरिओ रेकॉर्डरमध्ये. रेकॉर्डर एकच असणं महत्त्वाचं. दोन मोबाइलवर वेगवेगळं रेकॉर्ड केलंत तर त्या मोबाइलांची घड्याळंही एकमेकांपासून सरकतात आणि काय मोजलं तेच कळत नाही. मग संगणकावर दोन्ही तरंग एकाखाली एक ठेवायचे आणि शिखरांमधलं अंतर वाचायचं.

निकाल: तासाला ९० मिलिसेकंद. म्हणजे दहा लाखांत २५ भाग. यंत्रं बिघडलेली नाहीत. यंत्राला चाल देणाऱ्या साध्या क्वार्ट्झ स्फटिकाला दहा लाखांत २० ते ५० भाग इकडे-तिकडे चालतंच, तेवढी सूट त्याच्या माहितीपत्रकातच असते. दोन स्फटिक विरुद्ध दिशांना ५०-५० भागांनी सरकले तर तासाला ३६० मिलिसेकंद होतात. त्या मानाने आमचं नशीब बरं.

इथे एक गोष्ट ठळक लिहितो, कारण ती कळायला फार वेळ गेला. एनटीपीने संगणकाचं घड्याळ जुळतं, पण आवाजाचे नमुने (ज्या हजारो आकड्यांनी एक सेकंद आवाज बनतो ते) कुठल्या वेगाने बाहेर पडणार हे ते घड्याळ ठरवत नाही. तो वेग स्फटिक ठरवतो. एचडीएमआयमधून आवाज काढला तर चित्राच्या पिक्सेल घड्याळावरून, यूएसबीचं साउंड कार्ड लावलं तर त्याच्या स्वतःच्या स्फटिकावरून. एनटीपी वेळेचा हिशोब दुरुस्त करतो, स्फटिकाला हात लावत नाही. पाचही संगणक एकच वेळ दाखवत होते आणि पाचही आपापल्या चालीने वाजत होते.

८ नोव्हेंबर : प्रत्येक लूपला नव्याने सुरुवात

सरळ उपाय: दर २२ मिनिटांनी सगळ्यांनी थांबायचं आणि परत एकत्र सुरू व्हायचं. मग जास्तीत जास्त फरक लूपच्या शेवटी ३३ मिलिसेकंद. कागदावर छान. दूरचित्रवाणीच्या जगात तर हा आकडा किरकोळ आहे. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी १३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे जाईपर्यंत प्रेक्षकाच्या लक्षातच येत नाही.

पण ते माप आवाज आणि चित्र यांच्यातलं आहे. आमचा तंटा आवाज आणि आवाज यांच्यातला, आणि तिथे कान कितीतरी कडक. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात दाखवलं की बोलण्याचा तोच आवाज दुसऱ्या दिशेने ३० मिलिसेकंदांपर्यंत उशिरा आला तरी कान दोन्ही एकत्र करतो आणि आवाज पहिल्याच दिशेने आला असं मानतो. बोलणं मऊ असतं, त्याला कडा नसतात. घण म्हणजे नुसती कडा. टाळी, टिचकी, घाव अशा आवाजांत ५ मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की जोड उघडी पडायला लागते. लूपच्या सुरुवातीला ‘ठण्’, मध्याच्या थोडं पुढे ‘ठ्रण्’, शेवटाकडे ‘ठठण्’. दारात उभं राहून ऐकलं की स्पष्ट. भात्याच्या आवाजात मात्र काहीही कळत नाही. तुमच्या कामात नुसतं संगीत किंवा निवेदन असेल तर कदाचित इथेच थांबता येईल. आम्हाला येत नव्हतं.

९ ते १५ नोव्हेंबर : वेगाची ओढाताण

या कामातला सर्वात जास्त वेळ इथे गेला, आणि हाती काही लागलं नाही.

पहिला प्रयत्न: मागे पडलेल्या संगणकाने पुढे उडी मारायची. प्रत्येक उडीला ‘टक्’ असा आवाज. बाद.

दुसरा: उडी न मारता वेग किंचित बदलायचा. हजारात एक भाग वेग वाढवला तर स्वरातला फरक कुणाच्या कानाला कळत नाही. कल्पना बरोबर आहे. अडचण अशी की वेग किती बदलायचा हे ठरवायला ‘मी आत्ता कुठे आहे’ हे संगणकाने अचूक सांगावं लागतं. आमचा प्लेअर ते सुमारे २० मिलिसेकंदांच्या टप्प्यांत सांगत होता. त्या आकड्यामागे धावणारी दुरुस्ती कधी पुढे, कधी मागे, झोपाळ्यासारखी हलत राहिली. सरासरी काढून, दुरुस्ती मंद करून फरक ८ मिलिसेकंदांच्या आत आणला. पण आता घाव कधी जुळायचा, कधी फुटायचा, आणि हे आधीपेक्षा वाईट. सततची चूक कान काही वेळाने माफ करतो. येणारी-जाणारी चूक करत नाही.

न्याय म्हणून सांगतो, हे काम नीट करणारी सॉफ्टवेअरं आहेत. स्नॅपकास्ट हे मुक्त सॉफ्टवेअर एका ठिकाणाहून आलेला आवाज अनेक खोल्यांत वाजवतं आणि ठराविक अंतराने एखादा नमुना गाळून किंवा वाढवून फरक मिलिसेकंदाच्याही आत ठेवतं. नुसता आवाज असता तर मी तेच लावलं असतं.

१६ नोव्हेंबर : आवाज चित्रापासून तोडला

पाच स्फटिकांना एका चालीत चालवायचं कशाला? आवाजाला एकच स्फटिक द्यावा.

नवी जुळणी: एक संगणक, त्याला बारा आउटपुटांचं एक ऑडिओ इंटरफेस (संगणकातला आवाज तारांवर सोडणारी पेटी). पाच खोल्यांचे दहा ट्रॅक एकाच फाइलमध्ये, दहा आउटपुटांतून दहा तारा, प्रत्येक खोलीत जोडी. दहाही ट्रॅक एकाच घड्याळावर, एकाच नमुन्याला बाहेर पडतात. त्यांच्यात सरकण्याचा प्रश्नच उरत नाही. ते घड्याळ दिवसाला दोन सेकंद चुकलं तरी सगळ्या खोल्या मिळून चुकतात. पाचही छोट्या संगणकांचा आवाज बंद, ते फक्त चित्र दाखवणार.

फाइलचा हिशोब: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दहा ट्रॅक म्हणजे सेकंदाला १.४४ मेगाबाइट. २२ मिनिटांचे साधारण १.९ गिगाबाइट. साध्या वेव्ह फाइलला ४ गिगाबाइटची मर्यादा असते, आपण आत आहोत. हाच तुकडा तासाभराचा असता तर ५ गिगाबाइटच्या पुढे गेला असता आणि आरएफ६४ सारखा मोठ्या फाइलींचा प्रकार वापरावा लागला असता.

तार अ‍ॅनालॉग घ्यायची की नेटवर्कवरून आवाज न्यायचा यावर ताईंशी बरीच चर्चा झाली. दान्ते किंवा एईएस६७ (नेटवर्कवरून आवाज नेण्याच्या पद्धती) वापरलं तर एका नेटवर्क तारेत सगळे ट्रॅक जातात आणि पीटीपीमुळे (एनटीपीपेक्षा कितीतरी बारीक जुळणी) सगळ्या यंत्रांची ऑडिओ घड्याळंच एकमेकांना बांधलेली राहतात. एनटीपीने जे होत नव्हतं ते इथे होतं. अंतरं शंभर मीटरच्या पुढची असती तर मी तेच निवडलं असतं. आमची सर्वात लांब ओढ साठ मीटरच्या आत आहे. बाहेरचा गोंगाट खोडून काढणारी बॅलन्स्ड अ‍ॅनालॉग तार तेवढं अंतर हसत जाते, तिला स्विच लागत नाही, सेटिंग लागत नाही, आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या प्रदर्शनात बिघडायला जितकं कमी असेल तितकं बरं. तुम्ही नेटवर्कचा मार्ग घेतलात तर एवढंच बघा: स्विचमधली वीज वाचवणारी ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ ही सोय बंद करा. ती बारीक झोप घेते आणि घड्याळाचे संदेश डगमगतात.

खर्चाचं म्हणाल तर इंटरफेसपेक्षा तार आणि ती ओढण्याची मजुरी महाग पडली. आवाज वेगळ्या काढणाऱ्या पाच डब्या आता पडून आहेत.

१९ नोव्हेंबर : गुणगुण

पाचवी खोली विजेच्या वेगळ्या सर्किटवर आहे हे तार जोडल्यावर कळलं. स्पीकरमधून ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची घरघर. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असला की तारेच्या जाळीतून प्रवाह वाहतो, त्याची ही घरघर. वायरमनने अर्थिंगची पिन काढून बघू म्हटलं. साफ नाही म्हणालो. तशी घरघर जाते, पण उद्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला तर त्याच्या पत्र्याला हात लावणारा जातो. दोन ट्रॅकवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवले. घरघर गेली.

२० नोव्हेंबर : फाइलींची तपासणी

संकलकाकडून आलेल्या पाचही फाइलींत आवाज एएसी प्रकारचा होता. या प्रकारात आवाज दाबताना सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाते. नेहमीची भर २११२ नमुने, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला ४४ मिलिसेकंद. काही सॉफ्टवेअर ती गाळतात, काही गाळत नाहीत. एमपी३ चीही तीच तऱ्हा. लूपच्या जोडावर फट पडते ती यामुळे. संकलकाकडून मूळ, न दाबलेले ट्रॅक मागवले.

शिवाय तिसऱ्या खोलीचं चित्र लूपच्या शेवटी १.३ सेकंद मागे पडत होतं. आधी वाटलं पुन्हा स्फटिकच. पण हिशोब बसेना: २२ मिनिटांत १.३ सेकंद म्हणजे हजारात एक भाग, स्फटिकाच्या चुकीच्या कितीतरी पट. हजारात एक हा आकडा दिसला की फ्रेमचा वेग तपासा. चार फाइली सेकंदाला २४ फ्रेमच्या, ही एकटी २३.९७६ ची. नव्याने काढून घेतली.

२२ नोव्हेंबर : चित्राने आवाजामागे यायचं

आवाज मुका केल्याचा मोठा फायदा आता दिसला. चित्राला कसंही ओढता येतं. आवाजाचा संगणक दर सेकंदाला नेटवर्कवर ‘मी इथे आहे’ असं सांगतो. प्रत्येक खोलीचा संगणक स्वतःची जागा बघतो आणि एका फ्रेमपेक्षा जास्त फरक असेल तर शंभरात एक भाग वेगाने किंवा हळू चालतो. चित्राचा वेग एका टक्क्याने बदलला तर कुणाला दिसत नाही. २४ फ्रेमच्या हिशोबाने एक फ्रेम ४१.७ मिलिसेकंदांची, तेवढं चित्राला पुरेसं आहे. आठवडाभर जी ओढाताण आवाजावर चालत नव्हती ती चित्रावर दुपारभरात बसली.

तुमच्याकडे एलटीसी हा टाइमकोड (आवाजाच्या रूपातला वेळेचा शिक्का) वाचणारे प्लेअर असतील तर याहून सोपं आहे: टाइमकोड हाही शेवटी एक आवाजच, तो फाइलच्या अकराव्या ट्रॅकवर ठेवायचा आणि तारेने प्लेअरना द्यायचा. आमचे छोटे संगणक ते वाचत नाहीत.

प्रोजेक्टरची दिरंगाई मात्र वेगळी मोजावी लागते. मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये एक फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची असते. चौकटीत एकाच वेळी दोन गोष्टी धरल्या: प्रोजेक्टरचा पडदा आणि ऑडिओ इंटरफेसच्या आउटपुटवर लावलेला एक छोटा एलईडी. एलईडी पेटल्यापासून पांढरा पडदा येईपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. चार प्रोजेक्टर एकसारखे, ५० मिलिसेकंदांच्या जवळपास. दुसऱ्या खोलीतला तोच मॉडेल असून त्याहून दोन फ्रेम उशीर. कारण तो तिरका टांगलेला आणि चित्र चौकोनी करायला कीस्टोन चालू केलेलं. कीस्टोन बंद करून प्रोजेक्टरच खाली उतरवून सरळ टांगला. चित्रही जास्त धारदार झालं. मग सगळाच आवाज ५० मिलिसेकंद उशिरा सोडला. चूक राहिलीच तर आवाज मागे राहिलेला बरा, पुढे नको. निसर्गातही लांबचा आवाज मागूनच येतो, पुढे आलेला लगेच खटकतो.

२५ नोव्हेंबर : दारं

सगळे ट्रॅक इंटरफेसपाशी मोजून नमुन्यागणिक जुळलेले. तरी दुसरी-तिसरीच्या चौकटीत घण दोनदा वाजतो. वायरमन माझ्याकडे बघून काही बोलला नाही.

विजेत शून्य असलं तरी हवेत शून्य नसतं. त्या चौकटीपासून दुसरीचे स्पीकर ३ मीटरवर, तिसरीचे ११. फरक ८ मीटर म्हणजे २३ मिलिसेकंद. दुसरीचा आवाज २३ मिलिसेकंद उशिरा सोडला आणि चौकटीत घाव एकजीव झाला. मागे वळून पहिली-दुसरीच्या चौकटीत गेलो तर तिथे आता फुटलेला.

मग कागद घेऊन बसलो. प्रत्येक दार एक अट घालतं: एका बाजूचा उशीर अधिक त्या बाजूचं अंतर, हे दुसऱ्या बाजूच्या उशीर अधिक अंतराएवढं हवं. खोल्या एका ओळीत असतील तर अडचण नाही. पाच खोल्या, चार दारं, एक खोली शून्य धरायची आणि बाकीच्या क्रमाने निघतात. आमचे आकडे असे आले: पाचवी ०, चौथी १५, तिसरी १७, दुसरी ४१, पहिली ५० मिलिसेकंद. चारही दारं जुळली.

आणि बोळाने दगा दिला. पाचवी आणि पहिली बोळातून भेटतात, म्हणजे पाचवी अट आली आणि ठरवायला काही उरलेलं नाही. तिथे फरक १४ मीटरचा, ४१ मिलिसेकंद. चक्र बंद झालं की सगळी दारं जुळतीलच असं नाही. ते अंतरांवर अवलंबून आहे, उशिराच्या आकड्यांशी कितीही खेळलं तरी ते १४ मीटर कुठल्या ना कुठल्या दारात निघणारच. चार दारांत वाटून टाकावेत का? मग एकही दार धड राहत नाही. त्यापेक्षा एकाच दारात सगळी चूक ढकलायची आणि त्या दारातून आवाज जाऊच द्यायचा नाही. बोळाच्या दोन्ही तोंडांना जाड, दुहेरी पडदे लावले. पडदा खालचे स्वर अडवत नाही, पण घावाची कडा वरच्या स्वरांत असते आणि तीच नेमकी मरते. बोळात आता घणाचा नुसता धमका येतो, त्याला पुढे-मागे काही नसतं. ताईंना बोळ आवडला. म्हणाल्या, ही सहावी खोली झाली.

प्रत्येक खोलीचा उशीर तिच्या चित्रालाही लावला. चित्र आवाजामागे येतंच, फक्त आकडा बदलायचा.

एक इशारा. चौकटीत माणूस एका बिंदूवर उभा नसतो. मीटरभर सरकला की एक आवाज मीटरने जवळ येतो, दुसरा मीटरने लांब जातो, म्हणजे ६ मिलिसेकंदांचा फरक. मिलिसेकंदाच्या दशांशापर्यंत आकडे कोरत बसू नका.

२७ नोव्हेंबर : पाचव्या खोलीचा गोंधळ

‘टुक’ने चौथी-पाचवीचं दार चोख जुळतं, प्रत्यक्ष घणाने जुळत नाही. दारातलं मोजमाप पुन्हा केलं, आकडे तेच. शेवटी दहा ट्रॅक एकाखाली एक ठेवून एकच घाव मोठा करून पाहिला. ऐरणीजवळच्या ट्रॅकवर घाव जिथे सुरू होतो तिथून पाचवीचा २६ मिलिसेकंद मागे. ओट्यावरचा मायक्रोफोन ऐरणीपासून नऊ मीटरवर होता! चित्रीकरणाच्या वेळचं अंतर रेकॉर्डिंगमध्येच बसलेलं. खोलीतलं अंतर आम्ही काढलं, लोहारशाळेतलं राहिलं.

पाचवीचा ट्रॅक २६ मिलिसेकंद पुढे ओढला. ताईंना आधी हे पटत नव्हतं, ओट्यावरून ऐकू येणारा घण उशिरा यायलाच हवा असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. पण पाचवीत त्याचा उशीर नुसता कळत नाही, चौथीशी ताडूनच कळतो, आणि तिथे तो चूक वाटतो. दोन्ही ऐकवलं, मग मानलं. बाकी चार मायक्रोफोनांचा फरक ४ मिलिसेकंदांच्या आत होता, तोही काढला.

१ डिसेंबर : सकाळी चालू करणं

प्रोजेक्टर बंद असताना छोटा संगणक सुरू झाला तर त्याला समोर पडदाच दिसत नाही आणि तो भलत्याच रेझोल्यूशनवर उठतो. दिवसा प्रोजेक्टर क्षणभर गेला तरी हाच प्रकार. एचडीएमआयच्या मध्ये ईडीआयडी (पडदा स्वतःबद्दल संगणकाला देतो ती माहिती) धरून ठेवणारे छोटे तुकडे बसवले. संगणकाला वाटतं पडदा कायम जोडलेला आहे. स्वस्त वस्तू आहे, पहिल्याच दिवशी घ्या.

क्रम असा: आधी स्विच, मग पाच संगणक, प्रोजेक्टर, आवाजाचा संगणक, सर्वात शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना अ‍ॅम्प्लिफायर सर्वात आधी, नाहीतर स्पीकर ‘धप्प’ करतात. आवाजाचा संगणक पाचही ‘तयार’ येईपर्यंत थांबतो, पण दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही. एखादी खोली अडली तर बाकीच्या सुरू होतात आणि अडलेली नंतर मध्येच येऊन मिळते. स्वयंचलित अपडेट सगळीकडे बंद.

८ डिसेंबर

आठवडाभर चालू आहे. रोज सकाळी दोन मायक्रोफोनांनी पहिली-चौथी मोजतो: फरक बदललेला नाही, नमुन्याचाही नाही. चित्रं एका फ्रेमच्या आत. गर्दीने खोली तापली तर आवाजाचा वेग बदलून दारं बिघडतील का, असं विचारलं गेलं. अंशाला सेकंदामागे ०.६ मीटर बदलतो. दहा अंश वाढले तरी ८ मीटरच्या फरकावर अर्धा मिलिसेकंदही होत नाही. सोडून द्या.

राहिलेलं: चौथीतल्या प्रोजेक्टरचा पंखा शांत प्रसंगात ऐकू येतो, त्याला खोकं करायचं आहे. एक जादा छोटा संगणक पाचही फाइलींसह तयार ठेवायचा, कुठल्याही खोलीत लावता येईल असा. आणि स्पीकरच्या पायांपाशी जमिनीवर रंगाने खुणा करायच्या आहेत, कारण काल झाडताना तिसरीतला एक स्पीकर हातभर सरकवून ठेवलेला सापडला.